फवारा कोणी लावला

कारखान्याचं पाणी शेवटच्या टाकीतून बाहेर पडायचं तिथे, उघड्या पाटाच्या तळाशी, एक पांढरी फरशी बसवलेली होती. न्हाणीघरात असते तसली साधीच. जीन्सचं कापड रंगवून आणि धुऊन उरलेलं पाणी तिच्यावरून वाहायचं आणि पाटावर ज्याची पाळी असेल तो वाकून बघायचा. फरशी दिसली की झडप उघडून पाणी बाहेरच्या नाल्यात सोडायचं, नाही दिसली तर थांबायचं. इतका सोपा कायदा. ती कुणी बसवली ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

लॅबमध्ये पाणी तपासणाऱ्या बाईला ही फरशी पहिल्यापासून खुपायची. पाण्याची परीक्षा डोळ्यांनीच करायची, तर आपण रसायनशास्त्र शिकून बाटल्या उकळत आणि थेंब मोजत कशाला बसलोय, असं तिच्या मनात यायचं. कारखान्यात तिला सगळे ‘लॅबवाल्या बाई’ म्हणत आणि आवारातल्या पाळणाघरात ‘भिंगरीची आई’. भिंगरी हे लेकीचं लाडाचं नाव, आणि ती खरोखर एका जागी ठरत नसे. लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल तिच्या आईनं मागून घेतलं होतं, कारण तिथून पाळणाघराचं अंगण दिसायचं. एक डोळा काचनळीवर आणि एक डोळा लेकीवर अशी तिची नोकरी चालली होती. लोक हसायचे. हसोत बापडे.

आई झाल्यापासून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. पोर दंगा करत असेल तोवर काळजी नाही. एकदम गप्प झाली, की समजायचं काहीतरी तोंडात घातलंय. म्हणूनच एका सकाळी गाळ दाबणाऱ्या यंत्राचा आवाज बंद झालाय हे लक्षात आल्यावर तिनं हातातली बाटली खाली ठेवली आणि उठून मागच्या बाजूला गेली.

रंगाच्या पाण्यावर जी प्रक्रिया व्हायची, ती तिनेच दोन वर्षांपूर्वी बसवून दिली होती. पाणी आधी ॲसिडनं आंबट करायचं. मग हिराकस, म्हणजे लोखंडाचं ते हिरवट मीठ, त्यात विरघळवायचं आणि वरून पेरॉक्साइड हळूहळू सोडायचं. लोखंड आणि पेरॉक्साइड एकत्र आले की पाण्यात अशी काही मारामारी सुरू होते, की रंगाचा कणन् कण तुटतो, तुकड्यांचे तुकडे होतात, आणि शेवटी रंग म्हणावं असं काही उरतच नाही. याला वेळ लागतो. नंतर चुना घालून पाणी पुन्हा ताळ्यावर आणायचं. मग सगळं लोखंड तपकिरी गाळ होऊन तळाला बसतं आणि तो गाळ यंत्रात दाबून त्याच्या वड्या पाडतात. तिथे नेहमी तपकिरी वड्यांचा ढीग असायचा. आज ढीग नव्हता. यंत्राची कापडं वाळून कडक झाली होती. आणि पाटावरून मात्र पाणी झुळझुळ वाहत होतं, खाली फरशी लख्ख.

हवेत विझवलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास होता. त्या वासावरून तिला काय ते कळलं.

रंगमास्तर पिंपावर बसून चहा पीत होते. कापड रंगवायचं सगळं काम त्यांच्या देखरेखीखाली चालायचं. आयुष्य निळीत गेल्यामुळे हात कोपरापर्यंत निळे, लेकीच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा निळे. हल्ली साहेबांनी पाण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. तिनं विचारायच्या आधीच त्यांनी कौतुकानं सांगून टाकलं, की टाकीत त्यांनी हायड्रो टाकलंय. कापडावरचा चुकलेला रंग उतरवायला रंगारी जी पांढरी भुकटी वापरतात तीच.

“बाई, तुमचा स्वयंपाक फार लांबतो,” ते म्हणाले. “ॲसिड घाला, हिराकस घाला, ढवळत बसा, मग चुना, मग गाळ. तोवर माझ्या पुढच्या लॉटचं पाणी दारात येऊन उभं. हायड्रोचं कसं, टाकलं, चहा घेतला, मागं वळून बघितलं तर फरशी हसतेय.”

ती तिथेच उभी राहून त्यांना समजावत राहिली. म्हणाली, मास्तर, निळा रंग गेलेला नाही, त्यानं नुसते कपडे बदललेत. लाल नि काळ्या रंगांचं तर त्याहून वाईट. हायड्रो त्यांना मधोमध कापतं. दोन्ही तुकडे बिनरंगाचे, पण अख्ख्या रंगापेक्षा जास्त विषारी, आणि असले काही तुकडे कातडीतून थेट आत जातात. पूर्ण तोडायचं असेल तर लोखंड आणि पेरॉक्साइडला पर्याय नाही, निदान आपल्याकडे नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पण जे दिसत नाही त्याला भ्यायचं म्हणजे भुताला भ्यायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि भुताची भीती त्यांच्या बायकोला वाटायची, त्यांना नाही.

तिनं पाटातलं पाणी बाटलीत भरलं आणि लॅबमध्ये येऊन पाण्यात किती घाण उरलीय ते सांगणारी चाचणी लावली. आकडा पूर्वीपेक्षा खाली यायचा सोडून वर गेला होता, कारण हायड्रोची स्वतःची भर पडली होती. एवढ्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचा इतका घाणेरडा आकडा तिनं आजवर पाहिला नव्हता. ती बाटली घेऊन तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी बाटली खिडकीकडे धरली. पाणी अगदी फिकट पिवळसर होतं, सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं. “सुंदर,” ते म्हणाले.

तिनं आकडा सांगितला. तुकड्यांबद्दल सांगितलं. साहेबांना हे समजत नव्हतं असं मुळीच नाही, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली ती यामुळेच. मास्तर शाळेनंतर सरळ रंगाच्या हौदाशी लागले होते, त्यांचं समजू शकतं. साहेब तिच्यासारखेच रसायनशास्त्र शिकले होते, तिच्या कितीतरी आधी, आणि त्यांची पदवी चौकटीत बसवून डोक्यावर टांगलेली होती. त्यांनी मान डोलावून सगळं ऐकलं आणि म्हणाले, की त्या प्रक्रियेत खर्च आहे, वेळ आहे आणि तो गाळ कुठे टाकायचा ही डोकेदुखी आहे. हायड्रोत यातलं काहीच नाही.

“तुम्ही आकडे बघता,” ते म्हणाले. “येणारी मंडळी पाणी बघतात.”

मग त्यांनी जी बातमी दिली ती ते बहुधा खूष होऊनच देत होते. कारखान्याचं कापड विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार होती. कारखाना पाणी कसं हाताळतो यावर हल्ली त्यांचा फार भर. पाळणाघराच्या अंगणात मुलांसाठी गुडघाभर खोलीचा एक हौद होता. नळाचं पाणी अपुरं पडतं म्हणून तो बंदच असायचा. आता पाटापासून हौदापर्यंत पाइप टाकायचा, हौदात मधोमध एक फवारा बसवायचा, आणि पाहुण्यांसमोर त्यात मुलं खेळवायची. आमच्या कारखान्याच्या पाण्यात आमचीच मुलं डुंबतात. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं, असं साहेबांनी विचारलं.

 तिनं विचारलं ते अगदी हळू विचारलं, की साहेब, मी आत्ता काय सांगितलं ते ऐकलंत ना?

“फरशी दिसतेय की नाही?” साहेब म्हणाले. आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी भिंगरीला आंघोळ घालताना तिनं लेकीचं अंग इंच न् इंच बघितलं. कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे, कानाच्या पाळीमागे. अजून पोर त्या पाण्यात गेलीसुद्धा नव्हती, तरी बघितलं. भिंगरीला गुदगुल्या होत होत्या. तिला वाटलं हा नवा खेळ आहे, आणि ती साबणाच्या फेसासकट निसटून घरभर पळाली.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो तिच्यासारखा घाबरट नव्हता, आणि काळजी न करणाऱ्या माणसांचं डोकं कसं चटकन चालतं ते पाहून तिला नेहमी हेवा वाटायचा. तो म्हणाला, यात एवढं काय, त्या दिवशी भिंगरीला सर्दी झाली म्हणून सांग. तिला हौदात सोडणार नाहीत. विषय संपला.

विषय संपला हे ऐकून तिला खरोखर हायसं वाटलं. भांडी घासून होईपर्यंत ते हायसं टिकलं. मग हात पुसताना तिच्या डोळ्यांसमोर पाळणाघराच्या दारातली चपलांची रांग आली. शिलाईतल्या बाईच्या जुळ्यांच्या चपला, वजनकाट्यावरच्या माणसाच्या मुलाचे बूट, जे तो कायम उलटे घालतो. तिनं ते चित्र बाजूला सारलं. माझी एकटीची नोकरी पणाला का लावू, असं स्वतःशी म्हणाली. नोकरी गेली तर पाळणाघरही जाणार, मग पोरीला कुठे ठेवायचं. सगळं खरं होतं. झोप मात्र आली नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी ती लवकर पोचली. अंगणात हौद काठोकाठ भरलेला होता. तळ दिसत होता, तळावर साहेबांनी हौसेनं रंगवून घेतलेले मासेही दिसत होते. मधला फवारा बंद होता, कारण पाहुणे आले की मगच लावायचा असं ठरलं होतं. दाराशी पाळणाघराच्या मावशी मुलांना टॉवेल वाटत होत्या. या मावशींनी कारखान्यातल्या निम्म्या पोरांना चालायला शिकवलं होतं. त्यांना आवाज चढवावा लागत नसे. नुसतं चष्म्याच्या वरून बघितलं की काम व्हायचं.

तिनं भिंगरीला पुढे केलं आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, की हिला जरा सर्दी आहे, पाण्यात नका सोडू.

मावशींनी वाकून भिंगरीचं नाक बघितलं. मग चष्म्याच्या वरून आईकडे बघितलं.

“काय गं,” त्या म्हणाल्या, “पोरीचं नाक कोरडं ठणठणीत आणि सर्दी तुझ्या चेहऱ्यावर. खरं काय ते सांग. पाणी तपासायचं काम तूच करतेस ना?”

आता तिला वाटत होतं तेवढं खोटं बोलणं सोपं नव्हतं. आत जुळ्यांपैकी एक टॉवेल डोक्यावर घेऊन भूत झालं होतं आणि दुसरं किंचाळत होतं. ती खाली बघत राहिली.  मावशींनी हातातले टॉवेल खुंटीवर परत टांगले, एकेक करून, आणि त्या टांगण्यानं तिला जेवढं लागलं तेवढं बोलण्यानं लागलं नसतं.

तिनं सांगितलं. अगदी थोडक्यात, कारण वेळ नव्हता. मावशींनी एकच विचारलं, की हे तुझ्या साहेबांना माहीत आहे? आहे म्हटल्यावर त्यांचं तोंड असं झालं, जसं कुणी पोर दुसऱ्याला चावल्यावर व्हायचं.

“मुलं बाहेर येणार नाहीत,” मावशी म्हणाल्या. “पण मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला काय कळतं. त्यांना दिसेल असं काही करता येतं का तुला?”

आणि तेव्हा तिला ते सुचलं. खरं तर इतक्या दिवसांत सुचायला हवं होतं. कापडाचा निळा रंग रंगाच्या हौदातून बाहेर येतो तेव्हा निळा नसतोच. हायड्रोमुळे तो पिवळट-हिरवा झालेला असतो, आणि कापड वर उचलून वारा लागला की बघता बघता निळं होतं. रंगमास्तर रोज उठून हेच बघत आले होते. हवा लागली की नीळ परत येते, हे त्या आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त कापडाच्या बाबतीत. पाण्याचंही तेच होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पाटावरून पाणी निघून नाल्यात जायचं आणि पुढे कुठे निळं व्हायचं ते बघायला कोण जातंय.

ती भिंतीजवळ गेली आणि तिनं फवाऱ्याचं बटण दाबलं.

पाणी वर उडालं, पसरलं, थेंब थेंब होऊन हौदात पडायला लागलं. आधी काहीच झालं नाही. मुलं खिडकीला नाकं लावून बघत होती.  हायड्रो जास्त पडलं असेल तर ते संपेपर्यंत रंग दबलेलाच राहणार, हे तिला कळत होतं, पण किती पडलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. मग फवाऱ्याखालच्या पाण्यावर धुरासारखी एक छटा दिसली. हिरवट. ती कडेकडेनं पसरली, गढूळ झाली, आणि मग तळावरचे मासे एकेक करून दिसेनासे झाले. पाहुण्यांच्या गाडीचा आवाज फाटकाशी आला तेव्हा हौद पार निळा झालेला होता. आभाळी वगैरे नव्हे, जीन्सचा निळा.

साहेब पाहुण्यांना घेऊन अंगणात आले. एक उंच बाई, एक कॅमेरावाला, मागे रंगमास्तर नवीन शर्टात. साहेबांचं पाऊल हौद दिसताच अडखळलं, पण बस, तेवढंच. पुढच्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते हसू तिला जन्मभर विसरता येणार नव्हतं.

मुलांना आवडतो म्हणून आम्ही खास निळा रंग घातलाय, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. खाण्याचा रंग, अगदी निर्धोक. उंच बाईंना ती कल्पना फार गोड वाटली. कॅमेरावाल्यानं फोटो काढले. मुलं आत उतरली तर फोटोला मजा येईल, असं तो म्हणाला, आणि साहेबांनी लगेच मावशींना हात केला, की आणा त्यांना बाहेर.

तिला वाटलं होतं, रंग दिसला की संपलं. सत्य एकदा सगळ्यांसमोर आलं की त्याचं काम तेच करतं, असा तिचा कुठेतरी भोळा समज होता. इथे ते सगळ्यांसमोर गच्च निळं उभं होतं आणि माणसं त्याचे फोटो काढत होती.  भीती इतके दिवस साठत गेली होती, की तिचं आता दुसरंच काही झालं होतं. ती चालत गेली आणि पाळणाघराच्या दारात मावशींच्या शेजारी उभी राहिली. दार अरुंद होतं. दोघी उभ्या राहिल्यावर भरलं.

“मुलं येणार नाहीत,” ती म्हणाली. “या पाण्यात कुणी काही घातलेलं नाही. हे कारखान्याचं पाणी आहे आणि हा कारखान्याचा रंग आहे.”

साहेब हसले. आमच्या लॅबवाल्या बाईंची तब्येत बरी नाही, घरी लहान मूल, झोप होत नाही, असं काहीतरी ते पाहुण्यांना सांगू लागले, हळू, आपुलकीच्या आवाजात. आणि ते पटण्यासारखंही होतं, कारण तिचे डोळे खरोखर सुजले होते.

तेवढ्यात रंगमास्तर हौदाच्या कडेला बसलेले तिला दिसले. त्यांनी नवीन शर्टाची बाही वर सारली, हात पाण्यात घातला, बाहेर काढला, आणि बोटं चोळून पाहिली. मग वास घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“साहेब,” मास्तर उठत म्हणाले, “खाण्याचा रंग नका म्हणू. हा माझा रंग आहे. आमच्या तीन नंबरच्या हौदातला. बाजारातला कुठलाही निळा आणून शेजारी ठेवा, मी डोळे मिटून सांगेन.”

साहेबांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. पण मास्तरांना कुणी त्यांच्या निळीला गोळ्या-चॉकलेटाचा रंग म्हटलेलं सहन होण्यासारखं नव्हतं, आणि शिवाय आणखी काहीतरी त्यांच्या आत चाललं होतं. ते तिच्याकडे वळले. “हवा लागली,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “आयुष्यभर बघतोय, हवा लागली की येतो. मला कसं नाही कळलं, बाई?”

 उंच बाईंचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांनी कॅमेरावाल्याला थांबवलं आणि तिला विचारलं, की निळा रंग सोडून या पाण्यात अजून काय आहे. प्रश्न बरोबर होता. सबंध कारखान्यात पहिल्यांदा कुणीतरी तो विचारला होता. तिनं उत्तर दिलं. निळा त्यातल्या त्यात परवडला, असं तिनं सांगितलं, तो निदान दिसतो. न दिसणारे तुकडे तिथेच आहेत, आणि मघाशी हे पाणी स्वच्छ दिसत होतं तेव्हाही होते. उंच बाईंनी पाटावर जाऊन बघायचं ठरवलं, मग लॅब बघितली, मग वाळलेलं गाळाचं यंत्र बघितलं, आणि महिन्याभरानं पुन्हा येऊन स्वतः नमुने नेणार असं सांगून, जेवायला न थांबता निघून गेल्या.

गाडी फाटकाबाहेर गेली. साहेब अंगणात परत आले. तिला वाटलं आता ते पाण्याबद्दल विचारतील. हायड्रो किती पडलं, किती दिवस चाललंय, नाल्यात किती गेलं, मुलांपैकी कुणी आधी हात घातला होता का. जगातला कुठलाही माणूस यातलं एखादं तरी विचारेल, असं तिला वाटलं.

“फवारा कोणी लावला?” साहेबांनी विचारलं.

 बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं, म्हणून फवारा अजून उडतच होता.

“मी,” ती म्हणाली.

“तो नंतर लावायचा होता.”

“हो. मुलं आत उतरल्यावर.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग मावशींकडे, मग मास्तरांच्या ओल्या हाताकडे. तिला त्या क्षणी काढून टाकायची त्यांची फार इच्छा होती, ते स्पष्ट दिसत होतं. पण महिन्याभरानं नमुने जाणार होते आणि पाणी खरोखर साफ करता येणारं माणूस आवारात एकच होतं. तेव्हा त्यांनी एवढंच फर्मावलं, की हौद रिकामा करून टाका नाल्यात.

“नाल्यात नाही,” ती आणि मास्तर एकदम म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तरांनी खाकरून सांगितलं, की पंप लावून परत पहिल्या टाकीत घेऊ. बाईंचा स्वयंपाक. लांबू दे लांबला तर.

तो लांबलाच. आधी नुसती हवा सोडत बसावं लागलं, पाण्यातलं हायड्रो मरेपर्यंत. नाहीतर ॲसिड पडल्याबरोबर असा वायू सुटला असता, की सगळ्यांना आवाराबाहेर पळावं लागलं असतं. मग ॲसिड, मग हिराकस, मग पेरॉक्साइडची बारीक धार. टाकी कोमट झाली, बुडबुडे फुटायला लागले. मास्तर काठावर उभे राहून बघत होते आणि अधूनमधून विचारत होते, की आता तुटतोय का. तुटतोय, ती म्हणायची. कशावरून? तपासल्यावर कळेल. मास्तर मान हलवायचे. न बघता विश्वास ठेवायचा त्यांना सराव नव्हता. पाळी संपायच्या आत ते कुठूनतरी पहार घेऊन आले आणि पाटात उतरून त्यांनी ती पांढरी फरशी उखडून काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

पाळणाघरात मात्र साहेबांचं काम आधीच चालू झालं होतं. हौद रिकामा झाल्यावर त्याच्या भिंतीवर, पाणी होतं त्या उंचीला, चारी बाजूंनी एक निळी रेघ उमटलेली राहिली होती. साहेबांनी सफाईच्या माणसाला बादली देऊन पाठवलं. बादलीत काय होतं ते तिला वासावरून खिडकीतच कळलं. हायड्रो आणि सोडा. त्यानं फडकं फिरवलं, रेघ पिवळी पडली आणि गेली. सिमेंट कोरं दिसायला लागलं. तो माणूस बादली घेऊन गेला, जाताना खूष होऊन.

ती खुर्चीवर बसून राहिली. हसावं की रडावं ते कळेना. या माणसांना हाच एक उपाय येतो. पाणी असो, भिंत असो, दिसायला नको एवढंच. तिचा नवरा म्हणाला होता विषय संपला. साहेबांचाही संपला होता, फडक्यासरशी.

पाळी सुटल्यावर ती भिंगरीला आणायला गेली. रोजच्यासारखी दारात गर्दी होती. शिलाईतली बाई एकेका जुळ्याला पकडून चपला घालत होती, वजनकाट्यावरचा माणूस मुलाचे बूट सुलटे करत होता. सकाळच्या प्रकाराची कुजबुज सगळीकडे पोचली होती, पण अर्धवट. कुणी म्हणत होतं पाहुण्यांनी रंग टाकला, कुणी म्हणत होतं लॅबवाल्या बाईला चक्कर आली.

भिंगरी रिकाम्या हौदाच्या काठावर पोटावर पडून आत वाकली होती. “आई, बघ,” ती म्हणाली, “रेघ आली.”

दुपारपासूनचा वारा लागून सिमेंटच्या भेगांमधून निळं पुन्हा वर आलं होतं. फिकट, पण सरळ, चारी भिंतींवर. भिंगरीनं बोट लांब केलं. आईनं ते वाटेतच पकडलं आणि मुठीत धरून ठेवलं.

“काय हो ते?” शिलाईतली बाई मागून म्हणाली. “धुतलं होतं ना दुपारी?”

सकाळी याच दारात तिनं एकाच पोरीची सर्दी सांगितली होती. मावशी चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत होत्या. तिनं भिंगरीला कडेवर घेतलं, मागे वळली आणि म्हणाली, “थांबा जरा सगळे. बूट घाला हवं तर, पण ऐका. तुमच्या मुलांना आज कशात सोडणार होते, ते सांगते.”

बूट घालणं थांबलं. बाहेर गाळाचं यंत्र धडधडायला लागलं होतं, म्हणून तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.